मैदानाचे भाडे कोणी द्यायचे?

गेल्या महिन्यातील गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास नातवाला घरी आणावयाचे म्हणून मी शहराच्या कडेला झालेल्या एका नव्या क्रीडांगणावर गेलो होतो. क्रीडांगण कसले, चारी बाजूंनी आणि वरूनही जाळे ताणलेला तो एक मोठा पिंजराच म्हणावयाचा. खाली प्लास्टिकचे हिरवे गवत, वर दिवसासारखा लख्ख उजेड, आणि आत दहाबारा पोरे क्रिकेट खेळण्यात दंग. ह्याला 'बॉक्स क्रिकेट' म्हणतात आणि जागा तासाच्या भाड्याने मिळते, हे मला तेथेच समजले. तास भरल्याची शिट्टी झाली, पुढची टोळी आत शिरली, आणि आमची मंडळी बाहेर येऊन मोबाइलवर हिशेब करू लागली. प्रत्येकी किती आले ते ठरले, पैसे इकडून तिकडे गेले. त्या घोळक्यात एक ओळखीचा चेहरा मात्र मला दिसला नाही. आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याचा मुलगा. ही पोरे खाली आवारात खेळत तेव्हा सर्वांत चपळ तोच. "तो कसा आला नाही रे?" असे मी विचारले, तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, तो हल्ली येतच नाही. दोनदा त्याचे पैसे आम्ही भरले. तिसऱ्या वेळी त्याने काम आहे म्हणून सांगितले."

मुलांचा ह्यात काही दोष आहे असे मी म्हणत नाही. त्यांनी मित्राचे पैसे भरले, त्याअर्थी ती मनाने चांगलीच आहेत. दोष त्या मुलाचाही नाही. दुसऱ्याच्या पैशावर किती दिवस खेळावयाचे, हा प्रश्न बारा वर्षांच्या पोरालाही पडतो आणि त्याचे उत्तर ते 'काम आहे' अशा शब्दांत देते. जागेच्या मालकाला तरी बोल कसा लावावा? जमीन त्याने अडकवली आहे, गवत त्याने अंथरले आहे, विजेचे बिल तो भरतो. भाडे तो घेणारच. म्हणजे ह्या साऱ्या प्रकरणात वावगे कोणीच वागले नाही, आणि तरीही सर्वांत चांगला खेळाडू खेळातून बाहेर पडला. गोष्ट एवढीशी आहे, पण त्या रात्रीपासून ती माझ्या मनातून जात नाही.

आमच्या वयाची माणसे अशा वेळी एक वाक्य हमखास बोलतात, 'आमच्या लहानपणी खेळाला पैसा लागत नसे.' मीही ते पुष्कळदा बोललो आहे. परंतु जरा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, हे वाक्य खरे नाही. खेळाला पैसा लागतच होता. जागा होती, तिची निगा होती, शिकवणारा होता, आणि ह्या प्रत्येकाची काही किंमत होती. फरक इतकाच की, ती किंमत खेळणाऱ्या पोराच्या खिशातून जात नव्हती. मैदानाचे भाडे दुसरे कोणीतरी भरीत होते, आणि कोण भरते आहे हे आम्हांला कधी कळलेही नाही.

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत तालीम ठाऊक नाही असे घर क्वचितच सापडेल. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिराचे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद. त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव. शिष्याने आखाडा वाढवला, नावारूपाला आणला, पण नाव गुरूचेच ठेवले. कवायतीच्या इंग्रजी आज्ञांच्या जागी आपल्या भाषेतील आज्ञा माणिकरावांनी रूढ केल्या, आणि हाडवैद्य म्हणून त्यांची ख्याती तर दूरवर होती. पुढे लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद हे मूळचे डभोईचे. त्यांनीही ह्या शतकापूर्वीच्या बडोद्यात माणिकरावांच्याच हाताखाली व्यायामाचे धडे घेतले.

अशा तालमींची व्यवस्था कशी चालत असे ते आठवून पाहावे. हौद्यातील माती रोज खणावी लागते, नाही तर ती दगडासारखी होते. तीत तेल, हळद, ताक घालावे लागते. मल्लखांबाला एरंडेल लागते. हे काम कोण करी? येणारी पोरेच करीत. पैसेवाल्याच्या मुलालाही फावडे सुटत नसे. वस्तादांना गुरुपौर्णिमेला ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे दक्षिणा, आणि ती किती ठेवली हे दुसऱ्याला दिसत नसे. एखादा सावकार तेलाचा डबा पाठवी, एखादा सरदार लाकूड देई. ह्यामुळे झाले असे की, तालमीत येणाऱ्या प्रत्येकाचा वाटा तिच्यात पडे, पण कोणाचा वाटा रुपयांत मोजला जात नसे. 'काम आहे' असे सांगून घरी बसण्याची पाळी तेथे कोणावर येत नसे. कारण काम करण्यासाठीच तर त्याला बोलावलेले असे!

मातीतल्या ह्या खेळांना शिस्त आणि नियम देण्याचे कामही ह्याच गावात झाले आहे. १९२३ मध्ये येथील हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे नियम निश्चित करून छापले आणि त्याच वर्षी त्या नियमांनी अखिल भारतीय सामने बडोद्यात भरवले. खो-खोचे नियमही १९२४ मध्ये बडोद्याच्याच जिमखान्यातून प्रसिद्ध झाले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले तेही येथेच. पुण्याचे ह्या बाबतीतील काम मोठे आहे, ते कोणी नाकारीत नाही. पण बडोद्याचे कामही तितकेच मोलाचे आहे, आणि आपण बडोदेकरच ते विसरत चाललो आहो.

आणि हे खेळ निवडण्यात त्या लोकांनी केवळ स्वदेशीचा अभिमान पाहिला असे मला वाटत नाही. त्यांनी खर्चही पाहिला. खो-खोला सत्तावीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद जागा आणि दोन खांब पुरतात. कबड्डीचे अंगण तर तेरा मीटर बाय दहा मीटर. ना बॅट, ना जाळे, ना बूट. दोरीच्या मल्लखांबाला एक मजबूत तुळई आणि एक दोरी पुरे. गरीब मुलाला जो खेळ परवडतो तोच खेळ सर्वांचा होऊ शकतो, हे त्यांना पक्के माहीत होते.

आज गंमत अशी झाली आहे की, हे खेळ मोठे झाले आणि त्याबरोबर महागही झाले. २०१४ पासून प्रो कबड्डी दूरचित्रवाणीवर आली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. आनंद झाला, घरी पेढेही वाटले. परंतु वरच्या पायरीचे हे सामने आता मातीवर होत नाहीत, मॅटवर होतात. मॅटवरची पकड वेगळी, पळण्याची रीत वेगळी, बूट वेगळे. मातीवर वाढलेला मुलगा एकदम मॅटवर उभा राहिला म्हणजे निम्मा हरलेलाच असतो. आणि मॅट विकत घेणे, पसरण्यास छप्पर असलेली जागा मिळवणे, हे गल्लीतल्या मंडळाला झेपणारे नाही. दोन खांबांच्या खेळालाही अशा रीतीने भाडे लागू झाले.

क्रिकेटचे पाहा. १९४७ च्या मार्चमध्ये होळकर संघाविरुद्ध येथेच विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. मांडवीच्या जामा मशिदीच्या आवारात वाढलेले इरफान आणि युसुफ हे पठाण बंधू भारताकडून खेळले, हेही सांगतो. पण ती मुले वर कशी आली? मोतीबागेत दत्ताजीराव गायकवाडांसारखा माणूस नव्या पोरांवर नजर ठेवून बसे, म्हणून. हार्दिक आणि कृणाल पंड्या यांचे वडील मुलांच्या खेळासाठी सुरत सोडून बडोद्यास आले, तेव्हा किरण मोरे यांनी आपल्या अकादमीची फी माफ केली, म्हणून. ह्या थोरवीबद्दल मला आदरच आहे. परंतु एक प्रश्न मनात येतो. ज्या मुलाची फी माफ करणारा कोणी भेटला नाही, त्याचे काय झाले? त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक होण्याचा संभवही नाही. शिवाय प्रत्येक मूल काही भारताकडून खेळणार नसते. हजारांतल्या नऊशे नव्याण्णवांना सायंकाळी घाम गाळून घरी जावयाचे असते, इतकेच. त्यांच्यासाठी फी माफ करणारा पारखी कोणीच नसतो, कारण त्यांच्यात पारखण्यासारखे काही नसते. मला काळजी आहे ती त्यांची.

बघण्याच्या जागा आपण पुष्कळ बांधल्या आहेत. कोटंबीला मोठे नवे स्टेडियम झाले, तेथे डिसेंबर २०२४ मध्ये स्त्रियांचे आंतरराष्ट्रीय सामने झाले. उत्तम झाले. पण बघण्याची जागा वेगळी आणि खेळण्याची जागा वेगळी. सयाजीबागेच्या संग्रहालयात एक प्रचंड दगड ठेवला आहे. गामा पहिलवानाने तो १९०२ मध्ये बडोद्यात उचलला अशी त्याची नोंद आहे. मुले तो कौतुकाने पाहतात. तो पाहून एखाद्याला दंड काढावेसे वाटले, तर घरापासून पायी जाता येईल अशा अंतरावर त्याला जागा कोठे आहे, ह्याचे उत्तर मात्र संग्रहालयात मिळत नाही.

जागा नाही असेही नाही. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे नव्या नगररचना योजनेत पाच टक्क्यांपर्यंत जमीन उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा यांकरिता ठेवता येते. परंतु ही तिन्ही नावे कायद्यात एकाच ओळीत बसली आहेत, आणि त्यामुळे उद्यान झाले म्हणजे क्रीडांगण झाले असा हिशेब सहज करता येतो. फुलझाडे, फरशीचा रस्ता, बाकडी, आणि दारात 'चेंडू खेळण्यास मनाई' अशी पाटी. मी स्वतः त्या बाकड्यांवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी आहे, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे. आम्हांला बसावयास जागा मिळाली ती मुलांच्या धावण्याच्या जागेतून मिळाली.

ह्यावर काही सुज्ञ मंडळी एक आक्षेप घेतात. ती म्हणतात, 'फुकटाची किंमत राहत नाही. जाळी चोरीला जातात, दिवे फुटतात, गुंड येऊन बसतात. भाडे घेतले म्हणजे जागा नीट राहते.' ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. बेवारशी मैदानाची दुर्दशा आपण सर्वांनी पाहिली आहे. पण तालमीचा अनुभव सांगतो की, जागा नीट ठेवण्याला वारसदार लागतात, भाडेकरू लागत नाहीत. तासाचे भाडे भरणारा तास संपताच निघून जातो. जाळे फाटले तर ते मालकाने शिवावे. हौदा खणणारा मात्र दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो की, माती कशी आहे.

तर मग खर्च भागवावा कसा? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये साऱ्या राज्यात मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि शिकलेल्यांना वाचावयास पुस्तके हवीत म्हणून १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले. गावोगाव जी वाचनालये निघाली त्यांची रीत अशी होती की, गावाने जितकी रक्कम जमवावी तितकीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तितकीच सरकारने द्यावी. तिसरा हिस्सा गावाचा, म्हणून वाचनालय गावाचे. आणि वाचणाऱ्याला मात्र पुस्तक फुकट. महाराजांनी सारा खर्च स्वतः केला असता तर तो दानधर्म झाला असता. सारा खर्च गावावर टाकला असता तर श्रीमंत गावांतच पुस्तके गेली असती. तीन हिश्शांची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते.

हीच रीत मैदानाला का लावू नये? प्रत्येक वस्तीत निदान एक मैदान असे असावे की, जेथे खेळणाऱ्याकडून तासाचे भाडे घेतले जाणार नाही. त्याचा एक हिस्सा महापालिकेने उचलावा. जागा, पाणी आणि वीज. दुसरा हिस्सा शहरातील जुन्या संस्थांनी, विश्वस्त निधींनी आणि कारखानदारांनी. एका शिक्षकाचे मानधन आणि वर्षाची डागडुजी. तिसरा हिस्सा त्या वस्तीचा, आणि तो पैशांतच असावा असा आग्रह नको. कोणी फक्की मारावी, कोणी पाणी शिंपडावे, कोणी मलमपट्टीची पेटी भरून ठेवावी, कोणी नुसते लक्ष ठेवण्यास बसावे. पहारेकऱ्याच्या मुलाला हा हिस्सा माझ्या नातवाइतकाच देता येईल, कदाचित थोडा जास्तच. खाजगी पिंजरे बंद करा असे मी म्हणत नाही. ज्यांना परवडते त्यांनी तेथे खुशाल खेळावे. माझे म्हणणे इतकेच की, ज्याला तेथे जाणे परवडत नाही त्याला खेळ सोडावा लागू नये.

नवी जागा मिळेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. शाळांची पटांगणे आहेत. सकाळी शाळा भरण्यापूर्वी आणि सायंकाळी सुटल्यावर ती कुलपात पडून असतात. बऱ्याच संस्थांच्या आवारात लग्नसराई आणि नवरात्र सोडले तर पाखरूही फिरकत नाही. आपल्या जुन्या कुटुंबांतील मंडळी ह्यांपैकी किती संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, हे वाचकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. सायंकाळी पाच ते सात एवढे दोन तास जरी ही दारे उघडली तरी केवढा फरक पडेल! मुलींना तर फारच. रात्री नऊच्या त्या पिंजऱ्यात मला एकही मुलगी दिसली नाही. घराजवळचे पटांगण, दिवसाउजेडीची वेळ आणि ओळखीचे कोणी बसलेले, एवढे असेल तर आया आपल्या मुलींना दोरीच्या मल्लखांबाला आणि खो-खोला आनंदाने पाठवतील.

बोलणे सोपे असते, म्हणून स्वतः केलेले थोडे सांगतो. आमच्या इमारतीपासून दोनशे पावलांवर एका शाळेचे पटांगण आहे. शेजारच्या चार गृहस्थांना घेऊन मी मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांनी चहा पाजला, सर्व ऐकून घेतले, आणि एकच प्रश्न केला. "काका, एखाद्या मुलाचा पाय मोडला तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त आहे. मला मनातल्या मनात माणिकरावांची आठवण झाली. त्यांच्या आखाड्यात हा प्रश्न कोणी विचारलाच नसेल, कारण मोडलेले हाड बसवणारा तेथेच बसलेला असे. आमच्यापाशी तसा कोणी नाही. आम्ही त्यांना लेखी कळवले आहे की, पाळीपाळीने आमच्यापैकी दोघे रोज पाच ते सात तेथे हजर राहतील, औषधाची पेटी आमची, पटांगण झाडून कुलूप लावण्याचे काम मुलांचे, आणि पालकांच्या सह्या आम्ही जमवू. अर्ज विश्वस्तांपुढे गेला आहे. उत्तर यावयाचे आहे.

दरम्यान मी त्या पहारेकऱ्याच्या मुलाला गाठले. पटांगण मिळाले तर खांब पुरण्यास आणि फक्की मारण्यास माणूस लागेल, तू येशील का, असे विचारले. तो म्हणाला, "येईन की. पण मग खेळायला पण घ्याल ना?" त्याला मी हो म्हटले आहे. आता तो शब्द खोटा ठरू नये, एवढ्यासाठी हा लेख. ज्यांच्या हातात अशा पटांगणांच्या किल्ल्या आहेत, त्यांनी त्या मुलाचा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहावा.